एका शॉकअपची सायकल महाग का?

जिल्ह्याच्या गावातल्या सायकल दुकानात गिअरच्या सायकली ओळीने उभ्या असतात. एखादीला पुढे आणि मागे असे दोन शॉकअप असतात. मागची स्प्रिंग जाडजूड, भडक रंगाची, लांबूनच नजरेत भरणारी. तिच्या शेजारच्या सायकलीला फक्त पुढे शॉकअप असतो, मागे नुसती फ्रेम. किंमत विचारली की गिऱ्हाईक चक्रावते. दोन शॉकअपवाली स्वस्त आणि एका शॉकअपवाली महाग. भाग कमी असताना पैसे जास्त का?

ही दुसरी सायकल म्हणजे हार्डटेल माउंटन बाइक. तिच्या पुढच्या चिमट्यात शॉकअप असतो आणि मागचे चाक फ्रेमला थेट जखडलेले असते. दोन्हीकडे शॉकअप असलेल्या प्रकाराला फुल सस्पेन्शन म्हणतात. किमतीचे कोडे सुटते ते शॉकअपचे काम समजून घेतल्यावर. कोणत्या जमिनीवर कोणती सायकल घ्यावी, हेही त्यातूनच कळते.

कनेरगाव नाक्याचे शिवार

सायकल निवडताना आधी जमीन पाहावी लागते. कनेरगाव नाका हे हिंगोली जिल्ह्यातले गाव वाशीम जिल्ह्याच्या हद्दीला लागून, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर आहे. अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड यांना जोडणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. अकोला ते पूर्णा हा लोहमार्गही इथूनच जातो. जवळून पैनगंगा वाहते.

महामार्ग गुळगुळीत आहे, पण तो सोडला की पांदण रस्ते, गाडीवाटा आणि शिवरस्ते सुरू होतात. हा सगळा भाग बेसाल्ट खडकाचा. माळावर त्या खडकाचा मुरूम आणि उघडे धोंडे दिसतात, तर सखल भागात काळी माती साठलेली असते. पावसाळ्यात ट्रॅक्टरची चाके काळ्या मातीत खोल चाकोऱ्या पाडतात. उन्हाळ्यात त्याच चाकोऱ्या वाळून टणक होतात, जमिनीला भेगा पडतात आणि वर फुफाटा साचतो. बाभळीचा काटा बारा महिने असतो.

या वाटांवर मोठे कडे किंवा मैलोगणती घसरते उतार नाहीत. धक्के लहान ते मध्यम आकाराचे, पण सतत बसणारे आहेत. उतारावर घरंगळत जाण्यापेक्षा सपाटीवर पायडल मारण्यात जास्त वेळ जातो. हार्डटेलचा विचार याच दोन गोष्टींपासून सुरू करावा लागतो.

शॉकअपच्या आत काय घडते

शॉकअपला दोन कामे करावी लागतात आणि त्यासाठी त्यात दोन वेगळे भाग असतात. पहिला भाग स्प्रिंग. चाक धोंड्यावर चढले की स्प्रिंग दबते आणि धक्क्याची ऊर्जा साठवते. मात्र ही ऊर्जा ती लगेच परत करते, त्यामुळे सायकल वर उसळते, खाली आली की पुन्हा दबते आणि पुन्हा उसळते. एकट्या स्प्रिंगला हे थांबवता येत नाही.

दुसरा भाग डॅम्पर. एका बंद नळीत तेल असते आणि त्यात बारीक छिद्रे असलेला दट्ट्या वरखाली होतो. दट्ट्या सरकताना तेलाला त्या छिद्रांतून जावे लागते. तेल अडते, किंचित तापते आणि उसळीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. परिणामी चिमटा झटकन दबला तरी सावकाश पूर्वस्थितीत येतो. परतीचा हा वेग कमीजास्त करण्यासाठी चांगल्या चिमट्याच्या पायाशी एक बटण असते. त्याला रिबाउंड म्हणतात.

आता कोडे सुटते. मागच्या बाजूला खरोखर उपयोगाचा शॉकअप बसवायचा तर तेलाचा डॅम्पर लागतो. मागचा त्रिकोण हलता ठेवायला बेअरिंग असलेले सांधे लागतात आणि ते सांधे आडवे हलणार नाहीत इतकी मजबूत, अचूक फ्रेम लागते. हे सगळे खर्चिक आहे. स्वस्त सायकलीत त्याऐवजी एक स्प्रिंग आणि बुशवर फिरणारा एक सांधा असतो. डॅम्पर नसतोच किंवा नावापुरता असतो. अशी स्प्रिंग धक्का शोषत नाही, तो पुढे ढकलते. बुश झिजले की मागचे चाक डावीउजवीकडे हलू लागते, आणि वजन वाढते ते वेगळेच. हार्डटेल बनवणारा मागचा सगळा खर्च वाचवून तो पैसा पुढचा चिमटा, ब्रेक, रिम आणि गिअर यांवर लावतो. किमतीतला फरक तिथे गेलेला असतो.

पायाची ताकद कुठे जाते

पायडल फिरवताना जोर सारखा लागत नाही. पाय वरून खाली येताना तो सर्वाधिक असतो आणि पायडल वरच्या व खालच्या टोकाला असताना जवळपास नसतो. उजवा आणि डावा पाय धरून एका फेऱ्यात जोराच्या दोन लाटा येतात. मिनिटाला ६० फेरे मारणाऱ्याच्या अशा १२० लाटा होतात. मागे ढिली स्प्रिंग असेल तर प्रत्येक लाटेला सायकल थोडी बसते आणि उठते, आणि पायाची काही ताकद या हेलकाव्यात खर्च होते. महागड्या फुल सस्पेन्शन सायकलीत सांध्यांची जागा मोजूनमापून ठरवलेली असते, म्हणून हेलकावे आटोक्यात राहतात. स्वस्त सायकलीत ही काळजी घेतलेली नसते.

हार्डटेलमध्ये क्रँकपासून मागच्या चाकापर्यंत हलणारा सांधाच नाही. चेन ओढली की चाक फिरते, मध्ये काही दबत नाही. चढावर आणि लांबच्या सपाट वाटेवर हा फरक मांड्यांना जाणवतो. पुढचा चिमटाही उभे राहून पायडल मारताना दबतो, म्हणून अनेक चिमट्यांना लॉकआउटची कळ असते. ती फिरवली की चिमटा जवळपास घट्ट होतो. डांबरी रस्त्यावर लॉकआउट लावावा आणि पांदणीत शिरताना काढावा.

गुडघे करतात मागच्या शॉकअपचे काम

मागचे धक्के मग कोण झेलणार? खराब रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेल्या माणसाची कंबर मोडते, पण गुडघे सैल ठेवून उभा राहिलेला माणूस निवांत असतो. त्याच्या पायाखालची ट्रॉली वरखाली होते आणि गुडघे वाकत-उघडत तेवढे अंतर गिळतात. हार्डटेलवरही नेमके हेच करायचे असते. खडबडीत तुकडा आला की स्वाराने सीटवरून दोन-चार बोटे वर उठावे. दोन्ही पायडल जमिनीला समांतर ठेवावीत, गुडघे आणि कोपरे सैल सोडावीत. मागचे चाक उसळले तरी अंग फारसे हलत नाही.

हे जमणाऱ्या स्वाराला फक्त सायकल उसळू द्यायची असते, स्वतःला नाही. म्हणूनच नवशिक्याने हार्डटेलवर शिकावे, अशी शिफारस जाणकार अनेकदा करतात. चुकीच्या जागी बसून राहिले तर ही सायकल लगेच धक्का देऊन कळवते. वाट निवडण्याची, पुढे पाहण्याची आणि योग्य वेळी उठण्याची सवय त्यातून लागते.

पहिली स्प्रिंग म्हणजे टायर

जमिनीला सर्वांत आधी लागतो तो टायर, आणि हार्डटेलच्या मागच्या बाजूला तीच एकमेव स्प्रिंग आहे. त्यामुळे हवा किती भरली याला फार महत्त्व आहे. दुधाचे कॅन किंवा ज्वारीचे पोते वाहणाऱ्या साध्या सायकलीत हवा कडक भरण्याची रीत आहे आणि तिथे ती बरोबरही आहे. माउंटन बाइकच्या रुंद टायरमध्ये तशीच हवा भरली तर प्रत्येक खडा थेट कंबरेपर्यंत पोहोचतो आणि मुरमावर टायर घसरतो. हवा बेताची असेल तर टायर खड्याभोवती दबतो, जमिनीवर जास्त पसरतो आणि पकड वाढते.

सुमारे सव्वादोन इंच रुंदीचा टायर, आत ट्यूब आणि ६५ ते ७० किलोचा स्वार असेल, तर पुढे २६ ते ३० आणि मागे ३० ते ३४ पीएसआयपासून सुरुवात करता येते. मागच्या चाकावर अंगाचा जास्त भार येतो, म्हणून तिथे थोडी हवा जास्त लागते. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादा मात्र ओलांडू नयेत. हवा फारच कमी असेल तर टायर रिमपर्यंत दबतो, ट्यूब मध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात.

बाभळीच्या काट्यावर ट्यूबलेस टायर हा चांगला उपाय आहे. त्यात ट्यूबऐवजी रबराचा द्रव असतो. काट्याने छिद्र पडले की हवेबरोबर तो द्रव तिथे जाऊन गोठतो आणि छिद्र बुजते. उन्हाळ्यात हा द्रव लवकर सुकतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी त्यात भर घालावी लागते. रिम ट्यूबलेससाठी बनवलेली नसेल तर ट्यूबमध्येच असा द्रव भरता येतो. त्यासाठी व्हॉल्व्हचा गाभा काढता येणारी ट्यूब घ्यावी.

चाक, चिमटा आणि गिअर यांची मापे

माउंटन बाइकची चाके प्रामुख्याने तीन मापांत मिळतात: २६, २७.५ आणि २९ इंच. टायर जिथे बसतो त्या रिमचा व्यास अनुक्रमे ५५९, ५८४ आणि ६२२ मिलिमीटर असतो. चाक मोठे असेल तर ते धोंड्याच्या कडेला कमी तिरक्या कोनातून भिडते, म्हणून सहज चढून जाते आणि खड्ड्यात कमी बुडते. चाकोऱ्या आणि भेगांच्या वाटेवर २९ इंची चाक त्यामुळे सोयीचे ठरते. उंची कमी असेल तर २७.५ इंची चाकाची सायकल वळवायला सोपी जाते.

चिमटा जास्तीत जास्त किती दबतो, त्या अंतराला ट्रॅव्हल म्हणतात. शेतवाटा आणि साध्या टेकड्यांसाठी ८० ते १२० मिलिमीटर पुरते. हार्डटेलमध्ये जास्त ट्रॅव्हलचा एक तोटा आहे. चिमटा दबला की सायकलचे तोंड खाली जाते, पण मागची बाजू जागीच राहते. दोन चाकांतील अंतर सुमारे ११०० मिलिमीटर असेल आणि चिमटा १०० मिलिमीटर दबला, तर सगळी सायकल सुमारे ५ अंशांनी पुढे कलते. उतारावर जोरात ब्रेक लावताना हे कलणे जाणवते.

चिमटा स्वाराच्या वजनाला जुळला आहे का, हे तपासायला एक रबर पुरते. ते चिमट्याच्या चकचकीत नळीवर बांधून खाली सरकवावे, सायकलवर सावकाश बसावे आणि न उसळता उतरावे. रबर जितके वर सरकले तितका चिमटा नुसत्या वजनाने दबला. १०० मिलिमीटरच्या चिमट्यात ते १५ ते २५ मिलिमीटर असावे. हवेवर चालणाऱ्या चिमट्यात खास पंपाने दाब बदलून हे माप जुळवता येते. स्प्रिंगच्या चिमट्यात फेरबदलाला वाव कमी असतो, म्हणून वजनाने फार हलक्या किंवा फार जड स्वाराला हवेचा चिमटा जास्त उपयोगी पडतो.

गिअरचे गणितही सोपे आहे. पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्या चक्राचे दात, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरते ते. साध्या सायकलीत हा आकडा अडीचच्या आसपास असतो. पुढे ३४ आणि मागे ११ ते ४६ दातांची चक्रे असलेल्या हार्डटेलमध्ये तो ३.१ पासून ०.७४ पर्यंत बदलता येतो. २९ इंची चाकाचा घेर सुमारे २.३ मीटर धरला, तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.७ मीटर पुढे जाते. अंतर कमी म्हणून जोरही कमी लागतो, आणि मुरमाड चढ बसल्या बसल्या चढता येतो.

शॉकअपशिवाय सुरू झालेला खेळ

मागच्या शॉकअपवाचून भागते, याला इतिहासाचाही आधार आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत काही तरुण रुंद टायरच्या जुन्या सायकली घेऊन माउंट टॅमलपाइसच्या कच्च्या वाटांवरून उतरू लागले. रीपॅक नावाच्या तिथल्या शर्यती १९७६ मध्ये सुरू झाल्या. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या वापरासाठी फ्रेम तयार केली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागली. यांतल्या एकाही सायकलीला शॉकअप नव्हता. पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा पहिला चिमटा १९८९ मध्ये बाजारात आला, आणि पुढे शॉकअप व मागे कडक फ्रेम ही रचना रूढ झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बायकिंगचा समावेश झाला.

विकत घेताना

एकाच रकमेत मिळणाऱ्या दोन सायकलींपैकी भाग कमी पण दर्जा चढता असलेली सायकल निवडावी. दर्जा ओळखायला भागांवरची नावे उपयोगी पडतात. शिमानोच्या गिअरमध्ये टर्नी, अल्टस, एसेरा, अलिव्हिओ, देओरे अशी चढती क्रमवारी आहे. सनटूरच्या चिमट्यांत एक्ससीटी, एक्ससीएम, एक्ससीआर असा क्रम लागतो.

दुरुस्ती कुठे होणार, हाही विचार हवा. तारेने ओढले जाणारे डिस्क ब्रेक गावातला कोणताही मिस्त्री नीट करू शकतो, कारण तार बदलली की काम होते. तेलावर चालणारे ब्रेक कमी जोरात जास्त चांगले थांबवतात. पण त्यांच्या नळीत हवा शिरली तर ती काढायला ठरावीक तेल आणि साधने लागतात, त्यासाठी बहुधा मोठ्या शहरात जावे लागते. मागे सांधे आणि शॉकअप नसल्यामुळे हार्डटेलची बाकीची दुरुस्ती साध्या सायकलीसारखीच असते: चाकाचा आउट काढणे, छर्रे बदलणे, पंक्चर काढणे.

खरेदीपूर्वीची तपासणी

• सायकलच्या मध्ये दोन्ही पाय टेकून उभे राहिल्यावर वरच्या दांडीत आणि अंगात निदान ५ सेंटिमीटर अंतर असावे.
• पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली ढकलावे. चिमटा सहज दबून सावकाश परत यावा, फटकन उसळू नये.
• चिमटा पुढेमागे हलवताना खडखड येऊ नये.
• टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये चिखल निसटण्याइतकी मोकळी जागा असावी.
• चाक उचलून फिरवावे. डिस्क ब्रेकच्या पॅडला घासू नये, चाकाला आउट नसावा.
• प्रत्येक गिअर टाकून पाहावा. चेन दातांवरून घसरू नये.
• हेल्मेट, पंप, जास्तीची ट्यूब आणि मागचा लाल दिवा यांचा खर्च आधीच धरावा. महामार्गावरून शेतवाटेपर्यंत जायचे असेल तर दिवा लागतोच.

वाटेवर

चढ दिसताच, जोर लागण्यापूर्वी गिअर हलका करावा. ताणलेल्या चेनवर गिअर टाकला तर चेन अडकते, कधी तुटतेही. चढताना सीटवर थोडे पुढे सरकून अंग हँडलकडे झुकवावे. फार पुढे झुकले तर मागचे चाक मुरमावर जागीच फिरते आणि फार मागे राहिले तर पुढचे चाक उचलले जाते.

उतारावर उलटे करावे. कंबर मागे आणि खाली न्यावी, टाचा किंचित खाली दाबाव्यात. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर जातो, म्हणून सायकल थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. तो एकदम आवळू नये, एका बोटाने वाढत्या दाबाने लावावा. सुट्या मुरमावर वळणाच्या आधीच वेग कमी करावा आणि वळताना ब्रेक सोडावा.

चाकोरीत शिरले की तिच्या बाहेर येण्याची धडपड करू नये. पुढचे चाक चाकोरीच्या कडेला तिरके घासले की ते पकडले जाते आणि स्वार पडतो. नजर चाकापुढे न ठेवता दूरवर ठेवावी आणि चाकोरी उथळ होईल तिथे बाहेर पडावे.

चिखल, धूळ आणि देखभाल

काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि टायरला थरावर थर चिकटतात. काही फेऱ्यांत चाक चिमट्यात अडकून जाम होते. खोल नक्षीचा, गुट्ट्यांमध्ये जास्त अंतर असलेला टायर थोडी मदत करतो, पण भर पावसातल्या काळ्या मातीवर कोणतीही सायकल चालत नाही. ओल असताना मुरमाची वाट धरणे हाच उपाय आहे. त्याने शेतवाटेवर नव्या चाकोऱ्याही पडत नाहीत.

चिखल लागलेली सायकल साध्या पाण्याने आणि ब्रशने धुवावी. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा हबवर किंवा क्रँकच्या सांध्यावर मारला तर पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन निघते आणि छर्रे गंजतात. चेन पुसून, कोरडी करून तेल लावावे आणि वरचे तेल पुन्हा पुसून घ्यावे, कारण ओलसर चेनवर फुफाटा बसला की दात घासले जातात. चिमट्याच्या नळ्या फेरी संपल्यावर मऊ फडक्याने पुसाव्यात. त्यावरची धूळ रबरी सीलमधून आत गेली तर नळीवर चरे पडतात आणि तेल गळू लागते. डिस्कला मात्र तेलाचा थेंबही लागू देऊ नये, नाहीतर ब्रेक लागत नाही.

हार्डटेल कुठे अपुरी पडते

दगडांचे लांब, उभे उतार आणि उंच उड्या असलेल्या डोंगरवाटांवर चांगली फुल सस्पेन्शन सायकल जास्त वेगात आणि कमी थकव्यात जाते. तिथे मागचे चाक जमिनीला धरून राहणे महत्त्वाचे असते आणि गुडघे ते काम फार वेळ करू शकत नाहीत. कंबरेचा किंवा मणक्याचा त्रास असलेल्यालाही मागचे धक्के सोसत नाहीत. याच्या उलट, ज्याला फक्त डांबरी रस्त्याने शाळेत किंवा बाजारात जायचे आहे त्याला पुढचा शॉकअपही नको. हलकी, शॉकअप नसलेली सायकल त्याला स्वस्त पडते आणि वेगाने जाते. या दोन टोकांच्या मधली जमीन, म्हणजे मुरमाचे माळ, पांदणी, चाकोऱ्या आणि अधूनमधून डांबर, हार्डटेलसाठी योग्य आहे. कनेरगाव नाक्याच्या आसपासचे बहुतेक शिवार त्याच प्रकारात मोडते.